रंग अंगचा असतो

दिवाळीच्या साफसफाईत पालीला केरसुणीने हुसकावणारे हात लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी थांबतात. त्या रात्री भिंतीवर पाल दिसली तर लक्ष्मी घरात आली, असं मानणारे लोक महाराष्ट्रात आजही पुष्कळ आहेत. पंचांगात पल्लीपतनाचं कोष्टक असतं. पाल अंगाच्या कोणत्या भागावर पडली तर काय फळ, हे त्यात दिलेलं असतं. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात छताला सोन्याची आणि चांदीची पाल आहे, आणि पालीचा दोष जावा म्हणून भाविक तिला हात लावून येतात. आपण या प्राण्याकडे शतकानुशतकं पाहत आलो आहोत, पण ते आपल्या शुभाशुभासाठी. पालीला स्वतःला काय वाटत असेल, काय सोसावं लागत असेल, हा प्रश्न आपल्या परंपरेत फारसा आला नाही.

तो आता आला आहे, आणि एका नव्या बाजारातून आला आहे. भंडाऱ्यातल्या, तुमसरातल्या, साकोलीतल्या पोरापोरींच्या मोबाइलवर लिंबासारख्या पिवळ्या, संत्र्यासारख्या केशरी, दुधासारख्या पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या पाली दिसतात. त्या निसर्गात अशा नसतात. कुणीतरी नर-मादी निवडून, पिढ्यामागून पिढ्या त्यांची पैदास करून हे रंग आणलेले आहेत. अशा प्रत्येक रंगप्रकाराला व्यापारात ‘मॉर्फ’ म्हणतात. रंग जितका दुर्मीळ, तितकी किंमत चढी.

अशी पैदास करणं योग्य आहे का? हा प्रश्न अमेरिकेतल्या हौशी लोकांचा आहे, धानाच्या आणि तलावांच्या जिल्ह्याला त्याचं काय, असं वाटू शकतं. मला तसं वाटत नाही. या पालींचे सख्खे भाऊबंद आपल्या दाराशी राहतात. रंगासाठी प्राणी पैदा करण्याची देशातली सर्वांत प्रसिद्ध गोष्ट शेजारच्या मध्य प्रदेशात घडली. आणि निवड कशी करावी, याचा सर्वांत चांगला धडा आपल्याच धानपट्ट्यातल्या एका शेतकऱ्याने घालून दिला आहे.

सातपुड्याचे भाऊबंद

जगात सर्वाधिक पाळल्या जाणाऱ्या पालींमध्ये लेपर्ड गेकोचं नाव फार वर लागतं. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, म्हणून हे नाव. पाश्चात्त्य देशांतल्या काचेच्या पेट्यांत ती इतकी रुळली आहे की ती आपल्या उपखंडातली आहे, हे अनेकांच्या ध्यानीमनीही नसतं. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारत हे तिचं मूळ घर. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथने १८५४ मध्ये तिला शास्त्रीय नाव दिलं. तिच्याच कुळातली एक जात पश्चिम भारतात राहते, दुसरी पूर्व भारतात. २०१४ मध्ये झीशान मिर्झा, राजेश सानप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एका जातीचं वर्णन प्रसिद्ध केलं. ती मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातल्या सातपुड्यात राहते, आणि तिचं नावही सातपुड्यावरूनच ठेवलेलं आहे: युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस. भंडाऱ्याच्या उत्तरेला तुमसरजवळच्या आंबागडच्या टेकड्या सातपुड्याच्याच मानल्या जातात.

घरातल्या पालीपेक्षा हे कूळ वेगळं आहे. या पालींना हलणाऱ्या पापण्या असतात. घरपालीला त्या नसतात. या पालींच्या बोटांखाली चिकटणाऱ्या गाद्या नसतात, त्यामुळे त्या भिंतीवर चढत नाहीत, जमिनीवरच चालतात. दिवसा दगडाखाली, बिळात. रात्री किडे, विंचू शोधत बाहेर. शेपटी जाड असते आणि तिच्यात चरबी साठवलेली असते. उपासमारीच्या दिवसांत तीच कामी येते. पिल्लांच्या अंगावर रुंद गडद पट्टे असतात, वाढत्या वयात ते मोडून ठिपके होतात. वाळक्या पाल्यावर आणि मुरमाड जमिनीवर हे ठिपके तिला लपवतात. घुबडाला, सापाला ती चटकन दिसू नये, हे त्या रंगाचं काम.

माणूस मात्र तिला पाहताच मारतो. मध्य भारतात अशा जमिनीवरच्या ठिपकेदार पालींना जहाल विषारी समजतात. ती चावली की माणूस पाणी मागत नाही, असं लोक सांगतात. यात तथ्य नाही. चावून माणसाचा जीव घेणारी एकही पाल, एकही सरडा भारतात नाही. तरी काठी उचलली जाते. घोरपडीचंही तेच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत ती आहे, तिची शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते, आणि तरीही मांसासाठी, तेलासाठी ती मारली जाते. तिच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय ‘हत्था जोडी’ नावाची मुळी म्हणून पूजासाहित्यात विकलं जातं, हे २०१७ मध्ये अभ्यासकांनी उघडकीला आणलं.

म्हणजे रानातल्या पालीला आपण तिच्या रंगामुळे मारतो आणि पेटीतल्या पालीला तिच्या रंगासाठी पैदा करतो. दोन्ही वेळा पाल नावाचा जीव नजरेआड राहतो.

रंग कुठे राहतो

पालीच्या कातडीत रंगाच्या पेशी प्रामुख्याने तीन तऱ्हेच्या असतात. एका तऱ्हेत काळं-तपकिरी द्रव्य असतं, दुसरीत पिवळं-तांबडं. तिसऱ्या तऱ्हेत द्रव्य नसतं, सूक्ष्म स्फटिक असतात. ते प्रकाश परतवतात आणि पांढरी, निळसर चमक देतात. या तिन्ही पेशी गर्भात एकाच ठिकाणाहून निघतात. पुढे जिचा मज्जारज्जू होतो, त्या नळीच्या कडेवरून त्या साऱ्या अंगभर पांगतात. त्याच कडेवरच्या पेशींतून चेहऱ्याची हाडं घडतात आणि अंगभर पसरलेल्या मज्जातंतूंचा मोठा भागही. जी जनुकं या पेशींना वाट दाखवतात, त्यांतली अनेक शरीरात इतरत्रही कामाला असतात. म्हणून रंग हा अंगावर चढवलेला सदरा नाही. एका जनुकाला धक्का लावून रंग बदलला, तर त्या धक्क्याने आणखी काय हललं, हे तपासावंच लागतं.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर हे नाजूक नातं उघड्या रानात दिसलं. तिथे पवनचक्क्या आहेत आणि गळ्याला रंगीत पंखा असलेले सरडे आहेत. मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं आढळलं की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले, त्यामुळे सरड्यांची गर्दी वाढली, त्यांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं घटली, आणि नरांच्या गळ्यावरचे रंग फिके पडले. कुणी त्यांच्या रंगाला हात लावला नव्हता. जगणं बदललं आणि रंग बदलला. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या गावच्या कुंपणावर मान वरखाली करणारा लाल डोक्याचा सरडाही त्याच भाषेत बोलत असतो. मादीला बोलवायला आणि दुसऱ्या नराला दूर ठेवायला त्याने तो लाल रंग अंगावर आणलेला असतो. हंगाम सरला की रंग उतरतो.

लिंबाच्या रंगाची पाल

२०१५ च्या सुमारास अमेरिकेत लेपर्ड गेकोच्या एका पिल्लाचा रंग कधी न पाहिलेला निघाला. अंग फिकट पिवळं, त्यावर पांढुरकी झळाळी. त्याला ‘लेमन फ्रॉस्ट’ म्हणू लागले. स्टीव्ह साइक्स नावाच्या व्यावसायिक पैदासकाराने या रंगाच्या एका नरापासून वंश वाढवला. पुढच्या पिढ्यांत रंग नेमाने उतरत गेला. एकाच जनुकाचा तो खेळ होता. मागणी वाढली.

मग त्या पालींच्या कातडीवर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतले लाँगहुआ गुओ आणि लिओनिड क्रुग्ल्याक यांनी याचा छडा लावला. जून २०२१ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ज्या चमकदार पेशींमुळे हा रंग येतो, त्याच पेशी बेसुमार वाढून कर्करोगाच्या गाठी होतात. या रंगाच्या शंभर पालींपैकी ऐंशीहून अधिक पालींना सहा महिने ते पाच वर्षांच्या वयात त्या गाठी होतात. चांगली काळजी घेतली तर लेपर्ड गेको पंधरा-वीस वर्षं जगते, हे लक्षात घेतलं की त्या आकड्याचा अर्थ कळतो. संशयाचं बोट ‘स्पिंट१’ नावाच्या जनुकाकडे गेलं. गाठींना आवर घालण्याशी माणसातही या जनुकाचा संबंध आहे.

इथे मला साइक्सचं नाव आदराने घ्यावंसं वाटतं. त्याने नमुने लपवले नाहीत, शास्त्रज्ञांना दिले. त्या निबंधाच्या लेखकांत त्याचंही नाव आहे. आणि त्याने या रंगाची पैदास थांबवली. ज्या रंगाने त्याला नाव आणि पैसा मिळाला असता, तो त्याने सोडला. पण तोवर पाली विकल्या गेल्या होत्या, आणि विकलेल्या पालींची पिल्लं कुणाच्या हातात किती झाली, यावर त्याचा ताबा राहिला नव्हता. पैदासकाराला पश्चात्ताप झाला तरी वंश मागे घेता येत नाही. त्यामुळे विचार जोडी लावण्याआधी व्हायला हवा.

लेमन फ्रॉस्ट एकटी नाही. २००६ च्या सुमारास ‘एनिग्मा’ नावाचा रंगप्रकार आला. त्यातल्या अनेक पाली मान वाकडी करतात, जागच्या जागी गोल फिरतात, आकाशाकडे पाहत राहतात, समोरच्या किड्यावर झेप घेताना नेम चुकतात. दोष मज्जासंस्थेचा आहे आणि तो रंगाबरोबरच वारशाने येतो. ‘स्पायडर’ नावाच्या बॉल पायथन अजगरांत डोकं सतत डोलतं. त्यांच्या आतल्या कानाची, तोल सांभाळणाऱ्या नळ्यांची घडणच बिघडलेली असते, हे २०२२ मधल्या एका अभ्यासाने दाखवलं.

सगळे रंग असे घातक नाहीत, हेही तितकंच खरं. गडद केशरी रंग बऱ्याचदा अनेक पिढ्यांत हळूहळू निवड करून आणलेला असतो आणि त्या पाली सामान्यतः धडधाकट जगतात. १९९० च्या दशकापासून आलेल्या वर्णहीन पालींच्या डोळ्यांना मात्र प्रखर उजेड सहन होत नाही; त्यांना मंद प्रकाशात ठेवलं तर त्या चांगल्या राहतात. म्हणजे प्रत्येक रंग वेगळा तपासावा लागतो. सरसकट दोष देणं अन्यायाचं, आणि सरसकट ‘रंगच तर आहे’ म्हणणं त्याहून अन्यायाचं.

रीवाचा मोहन

आपल्या देशाने हा धडा पालींच्या कितीतरी आधी गिरवायला हवा होता. १९५१ मध्ये रीवाचे महाराजा मार्तंड सिंह यांच्या हाती वाघाचा एक पांढरा बछडा लागला. त्याचं नाव मोहन. साध्या रंगाच्या वाघिणीपासून त्याला पांढरी पिल्लं झाली नाहीत. तेव्हा त्याची जोडी त्याच्याच मुलीशी, राधाशी, लावण्यात आली, आणि १९५८ मध्ये चार पांढरे बछडे जन्मले. त्यांतली मोहिनी १९६० मध्ये वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात गेली. पांढरा वाघ जगभर आकर्षण ठरला. बाप-लेकीच्या त्या जोडीमागे पुढे नात्यातल्या अनेक जोड्या लागल्या. पांढऱ्या वाघांच्या डोळ्यांतला तिरळेपणा प्रसिद्ध आहे. डोळ्यांपासून मेंदूकडे जाणारे तंतू चुकीच्या बाजूला जुळलेले असतात, हे १९७० च्या दशकातच दाखवलं गेलं. रंगाचं कारण असलेलं जनुक २०१३ मध्ये सापडलं. २०११ मध्ये अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने सदस्यांना अशी पैदास थांबवायला सांगितलं.

मोहन रानातून आला, हे खरं. पांढरा रंग निसर्गात अधूनमधून उमटतो. पण रानात असा वाघ शिकार करू शकला तर जगतो आणि त्याची जोडी साऱ्या रानातून ठरते. पिंजऱ्यात ती जोडी तिकीट काढणारा माणूस ठरवतो. लेमन फ्रॉस्टच्या वाट्याला तेच आलं.

नांदेडच्या तीन ओंब्या

निवडीने वंश घडवणं आपल्या भागाला नवीन नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे. तिथले दादाजी खोब्रागडे यांना १९८३ मध्ये आपल्या ‘पटेल ३’ धानाच्या शेतात तीन वेगळ्या, पिवळसर ओंब्या दिसल्या. त्यांचंही लक्ष आधी रंगानेच वेधलं होतं. त्यांनी ते दाणे जपले, वेगळे पेरले, पुन्हा निवडले. वर्षानुवर्षं त्यांनी दाण्याची बारीकता पाहिली, उतारा पाहिला, भाताची चव पाहिली. त्यातून जे धान उभं राहिलं ते ‘एचएमटी’ म्हणून आज भंडाऱ्यातल्या राइस मिलपासून परराज्यांतल्या ताटांपर्यंत पोचलं आहे. २००५ मध्ये त्यांना राष्ट्रीय सन्मान मिळाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले.

रंगाकडे नजर जाण्यात पाप नाही, हे दादाजींच्या ओंब्या सांगतात. पुढे काय केलं, यावर सगळं ठरतं. त्यांनी पिवळेपणावर थांबून ते दाणे विकायला काढले नाहीत. आधी त्या धानाचं सगळं अंग पारखलं. आणि धानाला वेदना नसते, पालीला असते. तेव्हा पालीच्या बाबतीत ही पारख कितीतरी कडक असायला हवी.

कायदा काय विचारतो

या प्राण्यांचा व्यापार आपल्या राज्यातून जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबईत शोभेच्या माशांच्या मालात लपवून आणलेले ६६५ विदेशी प्राणी पकडले. त्यांत अजगर, पाली, कासवं, इग्वाना होते. ११७ प्राणी मेलेले निघाले. विमानतळांवर बॅगांतून सरपटणारे प्राणी निघण्याच्या बातम्या तेव्हापासून थांबलेल्या नाहीत.

कायदा जागा झाला आहे. २०२२ च्या दुरुस्तीने वन्यजीव अधिनियमात चौथी अनुसूची आली. आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या विदेशी जाती तिच्यात घातल्या गेल्या. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार असे प्राणी बाळगणाऱ्याने त्यांची नोंद ‘परिवेश’ संकेतस्थळावर करायची असते. पिल्लं झाली, प्राणी मेला, दुसऱ्याला दिला, तरी कळवायचं असतं. हे चांगलं झालं. पण हा कायदा मुख्यतः दोन गोष्टी विचारतो: प्राणी कुठून आला आणि तो कोणत्या यादीत आहे. पिल्लांना गाठी होणार, त्यांचा तोल जाणार, हे ठाऊक असताना जोडी लावली का, हे तो विचारत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा मारहाण, उपासमार, कोंडून ठेवणं यांवर बोट ठेवतो; वारशाने दिलेल्या यातनांची कल्पना तो लिहिणाऱ्यांसमोर नव्हती. २०१७ मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीसाठी वेगळे नियम आले. पालींसाठी तसं काही नाही. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यात मात्र ज्या पैदाशीतून जन्मणाऱ्या पिल्लांना वेदना वा व्यंग येणार हे दिसतं आहे, ती पैदासच मना करणारं स्वतंत्र कलम आहे. तेवढं एक वाक्य आपल्या कायद्यातही यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

घरात आणण्याआधी

कायद्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही. ज्याच्या हातात पैसे आहेत, त्याच्या हातात निर्णय आहे. रंगीत पाल घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने विकणाऱ्याला विचारावं: या रंगात कोणते आजार येतात? आई-बाप किती वर्षांचे आहेत आणि कसे आहेत? ते एकमेकांच्या नात्यातले आहेत का? कागद आहेत का? ज्याला उत्तर देता येत नाही, त्याच्याकडून घेऊ नये. ज्या रंगाबरोबर कर्करोग वा मज्जाविकार येतो हे सिद्ध झालं आहे, तो रंग कितीही देखणा असला, कितीही स्वस्तात मिळत असला, तरी घेऊ नये. घेतला की पुढची जोडी लावायला आपणच पैसे पुरवतो. रानातली पाल तर कुणाकडूनच घेऊ नये.

आणि आपल्या जिल्ह्याचं हवामान लक्षात घ्यावं. मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांकडे धावतो. रानातली पाल तेव्हा खोल बिळातल्या गारव्यात असते. पेटीतल्या पालीला पळायला जागा नसते, आणि वीज गेली की पंखाही नसतो. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी, शेळ्या-कोंबड्यांत जातो. सरपटणाऱ्या प्राण्यासाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची वाट धरावी लागते. वीस वर्षं जगणाऱ्या जिवाची ही सोय होणार नसेल, तर तो आणू नये. आणलेला नकोसा झाला म्हणून तलावात, रानात सोडणं हा तर दुहेरी अपराध. पांढरी पाल पहिल्याच रात्री घुबडाला दिसेल, आणि तिच्या अंगातला रोग रानातल्या पालींना लागू शकेल.

ज्याला या जिवांचं खरंच वेड आहे, त्याच्यासाठी भंडारा गरीब नाही. कोक्याच्या अभयारण्यात, नवेगाव-नागझिऱ्याच्या रानात, माजी मालगुजारी (मामा) तलावांच्या पाळीवर, धानाच्या बांधावर सरडे, सापसुरळ्या, घोरपडी आपल्या पायांनी फिरतात. गावात ठिपकेदार पाल निघाली आणि काठी उचलली गेली, तर ती काठी थांबवणं, वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावणं, ‘ही चावून कुणी मरत नाही’ हे चार जणांत ठामपणे सांगणं, हे काम कुणाही पोराला करता येतं. त्याने एक पाल वाचते आणि पाहणाऱ्यांची भीतीही थोडी कमी होते.

माझं म्हणणं थोडक्यात इतकंच. प्राण्याचा रंग पाहून आनंद होणं माणसाला शोभतं. त्या आनंदासाठी त्याच्या अंगात रोग पेरणं शोभत नाही. ज्याने जोडी लावली, ज्याने विकली, ज्याने विकत घेतली, ते तिघंही त्या पालीच्या साऱ्या आयुष्याला बांधील आहेत. पहिल्या दिवसाच्या देखणेपणाला जेवढे, तेवढेच पाचव्या वर्षी उठणाऱ्या गाठीलाही. ही बांधिलकी ज्याला पेलत नाही, त्याने जोडी लावू नये, आणि आपण त्याच्याकडून पाल घेऊ नये.